पॅसिव्हेट केलेलं स्टेनलेस स्टील एक्सपीएसला पाठवताना काय बघायचं, काय मागायचं

३१६एल या जातीच्या स्टेनलेस स्टीलचा पाइप किंवा फिटिंग नायट्रिक नाहीतर सायट्रिक आम्लातून पॅसिव्हेट होऊन (म्हणजे गंज अडवणारा थर पक्का होऊन) येतं, दिसायला एकदम चकाचक, पण त्या चकाकीवरून पुढे गंज धरेल की नाही हे काही कळत नाही. गंज अडवणारा जो क्रोमियम ऑक्साइडचा थर असतो तो जेमतेम १ ते ३ नॅनोमीटरचा, आणि एसईएममधलं (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमधलं) ईडीएस हे मूलद्रव्यं ओळखणारं उपकरण साधारण मायक्रॉनभर आतपर्यंत बघतं, म्हणजे त्याला खालचं स्टीलच दिसणार, थर नाही. एक्सपीएस (एक्स-रे फोटोइलेक्ट्रॉन स्पेक्ट्रोस्कोपी) वरचे ५ ते १० नॅनोमीटरच बघतं, म्हणून या कामाला तेच लागतं.

मशीन काय करतं ते थोडक्यात सांगतो. अॅल्युमिनियमचा एक्स-रे, १४८६.६ ईव्हीचा (इलेक्ट्रॉन व्होल्ट, एनर्जीचं एकक), पृष्ठभागावर टाकायचा, त्याने अणूंमधून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, त्यांची एनर्जी मोजायची आणि वजाबाकी करून बाइंडिंग एनर्जी काढायची, म्हणजे इलेक्ट्रॉन अणूला किती घट्ट बांधलेला होता ते. खोलवरून निघालेले इलेक्ट्रॉन वाटेतच एनर्जी गमावतात, त्यामुळे आलेखातल्या पीकमधे (टेकाडात) येतात ते वरवरचेच. आणि धातू ऑक्साइड झाला की त्याचं पीक थोडं सरकतं, म्हणून कुठलं मूलद्रव्य आहे हे तर कळतंच, वर ते कोणत्या अवस्थेत आहे हेही कळतं. स्वीडनमधे उप्सालाला काई सीगबान यांनी हे तंत्र उभं केलं, त्यासाठी १९८१ चं फिजिक्सचं नोबेल मिळालं, आणि त्यांनी ठेवलेलं एस्का हेच नाव आपल्याकडे बरेच जण अजून वापरतात. हायड्रोजन आणि हेलियम मात्र यात दिसत नाहीत.

आता खरं काम, सॅम्पल. माझं ठाम मत आहे की एक्सपीएसचे बहुतेक निकाल मशीनमधे जायच्या आधीच बिघडतात. १० नॅनोमीटर म्हणजे इतकं कमी की बोटाचा एक ठसासुद्धा त्याहून जाड, मग लॅब तुमचं स्टील मोजणार नाही, तुमचा घाम आणि तेल मोजेल आणि सर्व्हेमधे (सगळी मूलद्रव्यं दाखवणाऱ्या ढोबळ स्कॅनमधे) सोडियम १०७२ ईव्हीच्या आसपास आणि क्लोरीन १९९ च्या आसपास उगाच येऊन बसेल. तयार पाइप ग्राइंडरने कापून पाठवू नका, कापताना तो भाग तापतो आणि ऑक्साइडच बदलतो, कूलंट वापरलं तर त्याचं तेल चढतं. त्यापेक्षा त्याच हीटच्या (एकाच वितळणीतल्या) स्टीलचे साधारण १ सेंटीमीटरचे, काही मिलिमीटर जाडीचे कूपन (चाचणीचे तुकडे) आधीच कापून ठेवा आणि खऱ्या मालाबरोबर त्याच बाथमधे, तेवढाच वेळ सोडा. बाहेर काढल्यावर डीआय (क्षार काढलेल्या) पाण्याने भरपूर धुवा, स्वच्छ नायट्रोजनने वाळवा, पावडर नसलेले नायट्राइल ग्लोव्हज घाला आणि चिमट्याने फक्त कडेला धरा.

ठेवायचं कशात हा प्रश्न लोक हलक्यात घेतात. झिपलॉक पिशवीत नको, त्या प्लॅस्टिकला पिशव्या चिकटू नयेत म्हणून जे रसायन घातलेलं असतं ते पृष्ठभागावर उतरतं. सेलोटेप नको. कापूस नको. सिलिकॉन ग्रीस किंवा स्प्रे त्याच खोलीत वापरत असाल तर तेही नको, सिलिकॉन कुठूनही येतं आणि १०२ ईव्हीला पीक दाखवतं. स्वच्छ काचेची बाटली किंवा पेट्री डिश घ्या, मोजायची बाजू कशालाच टेकता कामा नये, आणि कोणती बाजू वर आहे ते मागच्या बाजूला ओरखडा मारून खूण करा, मार्करने नको. सोबत एक न पॅसिव्हेट केलेलं कूपन हवंच, तेही तसंच धुतलेलं आणि हवेत तेवढाच वेळ राहिलेलं, नाहीतर तुलना कशाशी करणार?

इतकं करूनही कार्बन दिसेलच. हवेतून प्रत्येक धातूवर तो बसतो, २०-३० टक्के आला तर घाबरू नका, पण एका कूपनवर ३० आणि दुसऱ्यावर ६० असेल तर त्या दोन्हींची तुलना करू नका, पुन्हा सॅम्पल तयार करा.

मोजताना आधी सर्व्हे स्कॅन, मग लोखंड २पी, क्रोमियम २पी, निकेल २पी, मॉलिब्डेनम ३डी, ऑक्सिजन १एस आणि कार्बन १एस (२पी, ३डी, १एस म्हणजे इलेक्ट्रॉन अणूच्या कुठल्या कक्षेतला ते) यांचे बारीक स्कॅन, पास एनर्जी कमी (म्हणजे पीक जास्त स्पष्ट) आणि स्टेप ०.१ ईव्ही एवढं सांगितलं तरी पुरे. सॅम्पल धातूचं आहे, ते स्टेजला नीट टेकलेलं असेल तर चार्जिंगचा (विद्युतभार साठून पीक सरकण्याचा) त्रास नसतो. सवयीने सगळेच कार्बनचं पीक २८४.८ ला आणून ठेवतात, पण ग्रेझिन्स्की आणि हुल्टमान या संशोधकांनी दाखवलंय की हवेतल्या या कार्बनचं पीक पृष्ठभागानुसार दोन ईव्हीहूनही जास्त सरकू शकतं, म्हणून आपल्या स्टीलमधे धातू-लोखंड ७०६.७ च्या आसपास येतंय ना हे आधी बघा, ते बसत असेल तर उगाच स्केल ओढू नका.

आता पीक वाचायचे. लोखंडाचं ऑक्साइड ७१०-७११ ला, धातू-क्रोमियम ५७४ ला, त्याचं ऑक्साइड ५७६-५७७ ला. ऑक्साइडखालचा धातूही दिसतोय याचा अर्थ थर पातळ आहे आणि त्याची जाडी काढता येईल. पण इथे दोन सापळे आहेत. पहिला निकेलचा. अॅल्युमिनियमच्या एक्स-रेने निकेलचे ऑजर पीक (दुसऱ्या प्रक्रियेतून सुटलेल्या इलेक्ट्रॉनचे) ६४० आणि ७१२ ईव्हीच्या जवळ येतात, म्हणजे एक मँगनीजवर बसतं आणि एक थेट लोखंडाच्या ऑक्साइडवर. सॉफ्टवेअर डोळे झाकून मँगनीज लिहून मोकळं होतं, आणि लोखंड उगाच जास्त मोजलं जातं. लॅबकडे मॅग्नेशियमचा सोर्स असेल तर त्यावर एक स्कॅन मागा, त्यात ऑजर पीक सरकतात आणि खरे पीक जागेवर राहतात.

दुसरा सापळा जास्त महागात पडतो. क्रोमियम ऑक्साइडचं २पी पीक एकच सरळ टेकाड नसतं, कॅनडाच्या वेस्टर्न युनिव्हर्सिटीतले मार्क बिसिंगर त्यात पाच पीक बसवतात, ५७५.७ पासून ५७८.९ पर्यंत. ज्याला हे माहीत नाही तो एकच मोठं पीक बसवतो, उजव्या-डाव्या बाजूला काहीतरी उरतं, मग ५७९ च्या उंचवट्याला हेक्साव्हॅलंट क्रोमियम (+६ अवस्थेतलं, विषारी) असं नाव देतो आणि रिपोर्ट वाचून कारखान्यात सगळे हादरतात. हेक्साव्हॅलंट खरंच ५७९-५८० च्या आसपास येतं, पण तो उंचवटा पाच पीकवाल्या ऑक्साइडमधे बसतो का हे बघितल्याशिवाय तसं लिहायचं नाही, आणि एक्स-रेखाली ते स्वतःच कमी होत जातं, म्हणून खरंच शंका असेल तर क्रोमियमचा स्कॅन सगळ्यात आधी आणि लवकर घ्यायला सांगा.

क्रोमियम भागिले लोखंड हा आकडा सगळ्यांना हवा असतो. ३१६एलमधे क्रोमियम १६ ते १८ टक्के, त्यामुळे आतल्या स्टीलचं अणूंचं गुणोत्तर साधारण पाव येतं, आणि पॅसिव्हेशन चांगलं झालं की ऑक्साइडमधलं गुणोत्तर १ च्या वर जातं. यात धातूचे पीक धरलेत की फक्त ऑक्साइड, हे रिपोर्टवर लिहिलेलं नसेल तर तो आकडा कुठल्याच कामाचा नाही.

आर्गॉनने घासून डेप्थ प्रोफाइल करायचा मोह होतो, तो या थरासाठी टाळा. आयन मारले की लोखंडाचं ऑक्साइड खालच्या अवस्थेत जातं, थर एकमेकांत मिसळतात, आणि रिपोर्टवरचे नॅनोमीटर बहुतेकदा टॅन्टॅलम ऑक्साइड किंवा सिलिका घासायच्या वेगावरून काढलेले असतात, तुमच्या थरावरून नव्हे. पृष्ठभाग इलेक्ट्रोपॉलिश (विजेच्या साहाय्याने गुळगुळीत केलेला) असेल तर सॅम्पल तिरकं करून मोजा. पृष्ठभागापासून ९० ऐवजी ३० अंशाला इलेक्ट्रॉन गोळा केले की बघण्याची खोली निम्मी होते, थर न फोडता वर काय आणि खाली काय ते कळतं. पिकलिंगने (तीव्र आम्लाने साफ करण्याने) खरबरीत झालेल्या पृष्ठभागावर हे नीट चालत नाही. आणि टायटॅनियम नायट्राइडसारखं मायक्रॉनचं कोटिंग असेल तर सगळी जाडी एक्सपीएसने मोजायचा हट्ट नको, त्याला क्रॉस सेक्शन आणि एसईएम, एक्सपीएस फक्त वरचं ऑक्साइड बघायला.

पुण्यात एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा), मुंबईत आयआयटी, अशा ठिकाणी ही सोय आहे. कुठेही द्या, पण नुसती पीडीएफ घेऊन येऊ नका, मूळ डेटा व्हामास फाइलमधे (वेगवेगळ्या सॉफ्टवेअरला वाचता येणाऱ्या फाइलमधे) मागा, सोबत एक्स-रे सोर्स, पास एनर्जी, बॅकग्राउंड कुठला आणि सेन्सिटिव्हिटी फॅक्टर कुठले हे लिहून घ्या. पुढे कधी लॅब बदलली तर त्याच बॅचचं एक राखून ठेवलेलं कूपन नव्या लॅबलाही द्या, दोन्हींचे आकडे जुळले की मगच नव्या मालाचं मोजमाप सुरू करा.