डायलिसिसच्या रुग्णाची स्वायत्त मज्जासंस्था तपासताना

स्वायत्त मज्जासंस्था म्हणजे हृदयाचे ठोके आणि बीपी आपोआप सांभाळणारे मज्जातंतू. त्यांची तपासणी नव्याने शिकणाऱ्याने यंत्राआधी रुग्णाचं डायलिसिसचं वेळापत्रक पाहावं. डायलिसिस संपताच रुग्णाला उभं केलं तर बीपी पडू शकतंच, कारण अंगातलं पाणी नुकतंच काढलेलं असतं. त्या आकड्यावरून मज्जातंतूंबद्दल काही ठरवता येत नाही. म्हणून दोन डायलिसिसमधला दिवस निवडा. डायलिसिसच्या लांब खंडानंतरचा दिवस टाळा. तेव्हा साठलेल्या पाण्यामुळे खरी घसरण झाकली जाते. तपासणीच्या दिवशी चहा-कॉफी आणि तंबाखू बंद. बीटा-ब्लॉकर (ठोके मंद करणारं औषध) चालू असेल तर अहवालात नोंदवा. तो स्वतःहून थांबवू नका.

फिस्टुलाच्या (डायलिसिससाठी शीर आणि धमनी जोडलेल्या) हातावर बीपीचा कफ कधीही बांधायचा नाही. एका हाताला फिस्टुला, दुसऱ्याला कफ, त्यामुळे मूठ दाबून ठेवण्याची चाचणी इथे अडचणीचीच. ती सोडली तरी चालतं.

सर्वांत भरवशाची चाचणी खोल श्वासाची. पाच सेकंद श्वास आत, पाच सेकंद बाहेर, असे मिनिटाला सहा श्वास, ईसीजी चालू ठेवून. प्रत्येक श्वासातल्या ठोक्यांच्या कमाल आणि किमान वेगातला (मिनिटाला किती) फरक काढून सरासरी घ्या. १५ किंवा जास्त आली तर ठीक, १० किंवा कमी असेल तर बिघाड. वयानुसार हा फरक घटतो, हे सत्तरीच्या रुग्णात विसरू नका. ठोके अनियमित असतील, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन असेल, तर ही चाचणी निरर्थक ठरते.

वलसाल्वात, म्हणजे जोर लावून फुंकण्याच्या चाचणीत, पाऱ्याच्या ४० मिलिमीटर दाबावर १५ सेकंद फुंकायला लावतात. मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यावर नव्या रक्तवाहिन्या फुटल्या असतील तर ही करूच नका. आत रक्तस्राव होऊ शकतो. आपल्याकडे किडनीच्या रुग्णांत मधुमेही पुष्कळ असतात, म्हणून डोळ्यांचा अहवाल आधी मागा.

उभं राहण्याच्या चाचणीत नुसतं बीपी लिहिणं ही नवख्यांची नेहमीची चूक. पाच मिनिटं आडवं ठेवा, मग उभं करून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला बीपी व नाडी दोन्ही घ्या. वरचं बीपी २० किंवा खालचं १० ने पडलं तर घसरण खरी. आता नाडी पाहा. बीपी १४० वरून ११० झालं आणि नाडी ७२ वरून जेमतेम ७८ वर गेली, तर वाढ भागिले घट ०.२ येते. ०.५ पेक्षा कमी आलं की दोष मज्जातंतूंकडे असण्याची शक्यता जास्त. नाडी ९८ झाली असती, तर संशय पाणी कमी असण्यावर. बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यात मात्र हा हिशेब फसतो. रुग्णाला एकट्याने उभं करू नका, खुर्ची मागेच हवी.

बिघाड सापडला तर डायलिसिसच्या चमूला त्याच दिवशी कळवा. असा रुग्ण पाणी वेगाने काढलेलं सोसत नाही. वेळ वाढवून वेग कमी करणं, डायलिसेट (डायलिसिस यंत्रातलं द्रावण) थोडं थंड ठेवणं आणि डायलिसिस चालू असताना जेवण टाळणं हे उपाय डॉक्टरांशी बोलून लगेच सुरू करता येतात.