नाळीची भाजी: बेशरमीपासून वेगळी कशी ओळखावी, टबात कशी लावावी

ओढ्या-तळ्यांच्या काठाला पसरणारी नाळीची भाजी (आयपोमिया अक्वाटिका) रताळ्याच्या कुळातली. देठ नळीसारखा पोकळ, म्हणून नाळी. पण नुसता पोकळ देठ बघून खुडू नका. पाटाच्या कडेला माजणाऱ्या बेशरमीचाही देठ पोकळ असतो, मोडला की दोन्हींतून पांढरा चीक येतो आणि फुलंही दोन्हींची नरसाळ्यासारखीच. बेशरम मात्र विषारी आहे. ती खात राहिलेल्या शेळ्यांचा तोल जातो.

खरी खूण पेरावर असते. नाळी पाण्यावर तरंगते किंवा चिखलावर सरपटते, आणि तिच्या पेरापेरांना पांढरी मुळं फुटतात. वेल उचलून उलटी केली की ती लगेच दिसतात. बेशरम पुरुषभर उंच झुडूप, बुंध्याशी लाकडासारखी कडक. नाळीचं पान गुळगुळीत, बाणाच्या टोकासारखं, देठाशी दोन कान निघालेले. बेशरमीचं वीतभर, हृदयाच्या आकाराचं. थोडी जरी शंका आली तरी तोडूच नका.

नाशिक शहरातल्या गोदावरीत सांडपाणी मिसळतं, तिथली भाजी घेऊ नये. ही वनस्पती पाण्यातले जड धातू शोषून घेते. निफाडजवळचं नांदूर मध्यमेश्वर तर अभयारण्य आहे, 2020 मध्ये जाहीर झालेलं राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा), तिथून काहीच तोडायचं नाही. त्यापेक्षा घरी लावलेली बरी.

बाजारातल्या जुडीतले चार पेरांचे, वीतभर लांब जून देठ निवडा. खालची पानं काढून ते पाण्यात उभे ठेवा; साधारण आठवड्याभरात मुळं येतात. फूटभर खोल टबात सहा इंच माती भरा (दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत), दोन पेरं मातीत दाबा आणि वर दोन इंच पाणी ठेवा. लागवड फेब्रुवारीच्या शेवटी करा. निफाडकडची थंडी हिला सोसत नाही: पारा दहाच्या खाली गेला की पानं पिवळी पडतात, वेल बसते. डास होऊ नयेत म्हणून टबात गप्पी मासे सोडा. महिन्याभरात पहिली काढणी होते. खाली दोन पेरं ठेवून कापा, तिथूनच नवे फुटवे येतात. काढणी लांबली की देठ दोरखंडासारखे चिवट होतात.

ही भाजी कच्ची खाऊ नका. पाणथळीतल्या पाल्याला परजीवी कृमींच्या अळ्या चिकटलेल्या असू शकतात. नुसत्या धुण्याने त्या जात नाहीत, शिजवल्यावरच मरतात. पाव किलो भाजी तीन पाण्यांतून धुऊन देठ आणि पानं वेगळी करा. तेलात सहा लसूण पाकळ्या आणि तीन हिरव्या मिरच्या परतून आधी देठ आणि दोन चमचे भिजवलेली मूगडाळ घाला, पाण्याचा हबका मारून पाच मिनिटं शिजवा. पानं मग घाला, झाकण न ठेवता तीन मिनिटं. झाकलीत तर हिरवा रंग जाऊन भाजी काळपट होते. मीठ शेवटी घाला. पाला आळतो, आधी अंदाज चुकतो.