स्की दुबईत सरावाला जाताय? या चुका टाळा

मे महिन्यात बाहेर त्रेचाळीस अंश आणि काचेच्या पलीकडे शून्याच्या खाली एक-दोन. मॉल ऑफ द एमिरेट्समधला स्की दुबईचा छताखालचा बर्फाचा उतार 2005 पासून सुरू आहे. पुण्या-मुंबईहून आलेले पाहुणे तिथे पेंग्विन बघायला जातात. पण हल्ली त्यांच्यात स्की शिकायला, शिकलेलं विसरू नये म्हणून जाणारेही दिसतात. कुणाला जानेवारीत गुलमर्ग गाठायचं असतं, कुणी मनालीला कोर्स केलेला असतो आणि वर्षभर पायाला बर्फ लागलेला नसतो. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

आधी हिशेब समजून घ्या. तिथे पाच उतार आहेत. सर्वांत लांब उतार 400 मीटरचा, माथ्यापासून पायथ्यापर्यंत उंचीतला फरक साधारण 60 मीटर. वळणं घेत सावकाश आलात तरी मिनिट-दीड मिनिटात खाली. मग रांग, चेअरलिफ्ट म्हणजे तारेवरची खुर्ची, वर जाऊन सावरणं. दोन तासांच्या तिकिटात प्रत्यक्ष घसरणं जेमतेम वीस मिनिटांचं होतं. म्हणून बूट चावतोय म्हणून बाकावर गेलेली पंधरा मिनिटं महागात पडतात. दोन-तीन फेऱ्या तिथेच संपतात.

बुटापासूनच बिघडतं

मागच्या हिवाळ्यात माझा आतेभाऊ नाशिकहून आला होता. वीस मिनिटांत तोंड कसनुसं करून म्हणाला, "दादा, बोटं गेली माझी, काही कळेनाच." बाकावर बसवून बूट उघडला तर आत लोकरी मोज्यांचे दोन जोड, त्यावर थर्मलची पँट कोंबलेली आणि बुटाची सगळी बकलं शेवटच्या खाचेत. थंडी वाजेल म्हणून केलेली ही तयारी पायाचं रक्तच अडवत होती. बोटं गार पडली ती त्यामुळेच.

स्की बुटात मोजा एकच, पातळ आणि गुडघ्याखालपर्यंत येणारा. थर्मल, जीन्स, पँटचं अस्तर यातलं काहीही बुटाच्या आत जाता कामा नये. नडगी आणि बुटाची जीभ यांच्यामध्ये मोज्याशिवाय काही नको. तिथे एक सुरकुती राहिली तरी संध्याकाळी नडगीवर लालभडक वळ उठतो. पाय आत घातला की टाच जमिनीवर दोनदा आपटायची, म्हणजे ती मागच्या खोबणीत बसते. मग घोट्याजवळचं बकल, मग वरची. त्यानंतर गुडघे पुढे वाकवून नडगी जिभेवर दाबायची आणि वरची बकलं पुन्हा एकेक खाच आवळायची. बोटांवरची बकलं नुसती लागली तरी पुरे, ती आवळून काही साधत नाही.

माप बरोबर आहे का, ते असं ओळखा. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकी टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवले की ती मागे सरकली पाहिजेत. ताठ उभं असतानाच बोटांपुढे मोकळी जागा असेल तर बूट मोठा आहे. मोठा बूट सुरुवातीला सुखाचा वाटतो, पण उतारावर टाच आत उचलली जाते आणि स्की ऐकत नाही. मग माणूस बकलं आवळत सुटतो आणि पाय बधिर होतो. स्की बुटाचं माप पावलाच्या लांबीवरून, सेंटिमीटरमध्ये असतं. घरी भिंतीला टाच टेकवून पाऊल मोजून जा आणि काउंटरवर तोच आकडा सांगा. चपलेचा नंबर सांगितला की अंदाजपंचे सुरू होतं.

आता एक गोष्ट, जी फार कमी लोक पाळतात आणि मला तिची सर्वांत काळजी वाटते. बूट बदलून घेतलात तर स्कीही परत दाखवा. बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला अडकवणारी आणि पडताना सोडणारी पकड, तुमचं वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि तुम्ही किती जोरात स्की करता यावरून लावलेलं असतं. पडताना ते वेळेवर सुटलं तर पाय वाचतो. बूट बदलला की ते माप चुकतं. मित्राशी स्की अदलाबदल करणं हाही तोच धोका. आणि फॉर्म भरताना वजन खरं लिहा, "मला येतं" असं वाढवून सांगू नका. जास्त येतं म्हणून सांगितलं की बाइंडिंग घट्ट लागतं आणि पडल्यावर ते सुटत नाही.

स्की पायात अडकतच नाही? दहातल्या नऊ वेळा बुटाच्या तळाला बर्फ चिकटलेला असतो. काठीने खरवडून काढा, बाइंडिंगची मागची पट्टी खाली आहे का बघा, आधी चवडा मग टाच. उतारावर असाल तर उताराकडची स्की आधी घाला, नाहीतर दुसरी घालेपर्यंत पहिली पळते.

बाकी कपड्यांचं थोडक्यात. जॅकेट-पँट तिथे मिळते. तिकिटात आणखी काय धरलंय ते आधी बघून घ्या. हातमोजे मात्र पाणी न शोषणारे, स्वतःचे असावेत. लोकरीचे हातमोजे दोन पडझडींत भिजतात. हेल्मेटच्या खाली टोपी नको. ओढणी, मफलर, लोंबणारे पट्टे, पाठीवरची सॅक हे लिफ्टवर घातक ठरतं. सगळं लॉकरमध्ये.

मागे रेलू नका

सह्याद्रीत भटकलेल्या माणसाला घसारा चांगला माहीत असतो. मुरमाड उतार आला की आपण मागे रेलतो, टाचा रोवतो, वेळ पडली तर बूड टेकून सरकतो. शरीराला ही सवय इतकी भिनलेली असते की स्की पायात असतानाही भीती वाटली की ते आपोआप मागे जातं. आणि स्कीवर नेमकं हेच उलटं पडतं. वळायला सुरुवात करून देतो तो स्कीचा पुढचा भाग. वजन टाचांवर गेलं की पुढचा भाग हलका होतो, स्की वळत नाही, सरळ पळते. वेग वाढला की माणूस आणखी मागे रेलतो. नवशिक्यांच्या बहुतेक पडझडी मला या एकाच चक्रातल्या दिसल्या आहेत.

मागे रेललात हे तुम्हाला स्वतःला कळत नाही, पण पाय सांगतात. दोन फेऱ्यांतच मांड्या भरून आल्या तर तुम्ही हवेत उकिडवे बसून खाली आलात असं समजा. पोटरी बुटाच्या मागच्या कडेला दुखतेय? तेच कारण. स्कीची टोकं हवेत नाचतात? तेच. नडगीवर सतत मऊ दाब जाणवला पाहिजे, जणू बुटाची जीभ तुम्ही हळूच पुढे ढकलत आहात. वर निघण्याआधी सपाटीवर उभं राहून हा दाब आणून बघा. मग त्याच जागी चार-पाच बारीक उड्या मारा. ज्या जागी तोल न जाता उतरता येतं, तीच तुमची उभं राहायची जागा.

हातांचाही यात मोठा वाटा आहे. हात मागे गेले की अंग मागे जातं. दोन्ही हातांत वाढलेलं ताट धरून पंगतीत चाललो आहोत अशा बेताने हात पुढे ठेवा, आमटी सांडू द्यायची नाही. सरावाच्या पहिल्या अर्ध्या तासात काठ्या घेऊच नका असंही मी सांगेन. आणि नजर स्कीच्या टोकांवर नको, पुढच्या वळणावर हवी.

वळण एका बाजूला जमतं आणि दुसऱ्या बाजूला नाही, हे जवळपास सगळ्यांचं होतं. डावीकडे वळायचं असेल तर भार उजव्या पायावर हवा. आपण मात्र जिकडे जायचं तिकडेच झुकतो. सौम्य उतारावर स्नोप्लाऊ करून, म्हणजे टोकं जवळ आणि टाचा लांब ठेवून, मोठ्याने म्हणत या: "उजवा… डावा… उजवा." लोक बघतील, बघू द्या. टोकं एकमेकांवर चढत असतील तर पावलं फार जवळ आलेली असतात, नाहीतर एक स्की कडेवर आणि दुसरी सपाट पडलेली असते.

आणखी एक कसब कमी लोक शिकतात: आडवं सरकणं. उताराला आडवे उभे राहा, गुडघे किंचित खालच्या बाजूला सोडा, स्की सपाट होऊन कडेकडेने खाली सरकते. गुडघे वरच्या बाजूला नेले की कडा रुततात, थांबता. पाचेक मीटर सरका, थांबा, पुन्हा सरका. उतार तीव्र निघाला आणि घाबरायला झालं तर याच्या आधाराने कुठूनही सुखरूप खाली येता येतं.

वर जायची घाई

चेअरलिफ्ट दिसली की पाय शिवशिवतात. पण मोठ्या उतारावर जाण्याआधी वेग आवरता येणं, थांबता येणं, वळणाला वळण जोडता येणं आणि लिफ्ट वापरता येणं आवश्यक आहे. तेवढं येत नसेल तर प्रशिक्षकाबरोबर धडा घ्यावा लागतो. तो पैसा वाचवायला जाऊ नका. घरच्या माणसाने शिकवणं मला मनापासून पटत नाही. नवरा वरून ओरडतोय, "अगं सोपं आहे, ये ना!" आणि बायको उताराच्या मधोमध थिजून उभी आहे, हे दृश्य मी किती वेळा पाहिलं असेल. तिला त्या उतारावर न्यायलाच नको होतं. लहान मुलांच्या बाबतीत तर अजिबात नको. सरकत्या पट्ट्यावरून वर जाऊन छोट्या उतारावर वीस फेऱ्या मारलेलं मूल एका तासात जे शिकतं, ते माथ्यावरून रडत आणलेल्या मुलाला चार भेटींतही येत नाही.

चेअरलिफ्टवर चढताना काठ्या एका हातात घ्या, मनगटाचे पट्टे काढून ठेवा, मागे वळून खुर्चीकडे बघा आणि ती टेकली की बसा. उतरताना स्कीची टोकं वर, रेषा आली की उभं राहून सरळ पुढे सरका. तिथेच थांबून गॉगल नीट करत बसायचं नाही, मागून पुढची खुर्ची येत असते. आणि ओढून नेणाऱ्या लिफ्टच्या तबकडीवर बसायचं नसतं. ती मांड्यांमध्ये घ्यायची, तिला ओढू द्यायचं, आपण उभंच राहायचं. बसलात की पडलातच.

पडताना आणि उठताना

पडणार असं वाटलं की बाजूला, वरच्या कुशीवर पडा. मागे पडत असताना जोर लावून उठायचा प्रयत्न करू नका. नितंब गुडघ्यांच्या खाली गेलेले, स्की अजून पळतेय आणि माणूस उठू बघतोय, या स्थितीत गुडघ्याचा आतला अस्थिबंध तुटतो. पूर्ण पडून घ्या, थांबा, मग उठा. हातातली काठी सोडून द्या. काठीसकट हात टेकला की अंगठा मागे दुमडतो आणि महिनोनमहिने दुखतो.

उठताना दोन्ही स्की तुमच्या खालच्या बाजूला आणि उताराला काटकोनात आणा, मग वरच्या हाताने रेटा देत उठा. टोकं खाली रोखलेली असतील तर अर्धवट उठताच पुन्हा पळाल. दोनदा जमलं नाही तर वरची स्की काढा, उठा, पुन्हा घाला.

पडल्यावर वेदना नसतील तर लगेच कडेला व्हा. उताराच्या मधोमध, त्यातही उंचवट्याच्या आडोशाला बसून फोटो काढणं फार धोक्याचं आहे, वरून येणाऱ्याला तुम्ही दिसतच नाही. जगभर नियम एकच: पुढच्याचा हक्क पहिला, मागच्याने त्याला सांभाळून जायचं. स्नोबोर्डवाला आडवा उभा असतो, त्याच्या पाठीकडची बाजू त्याला दिसत नाही. त्या बाजूने जाताना अंतर जास्त ठेवा.

वेळ कोणती निवडाल

छताखालचा बर्फ फवारलेल्या पाण्याचे थेंब गारठ्यात गोठवून केलेला असतो. दिवसभर शेकडो कडांनी तो खरवडला जातो. सकाळी सारवलेल्या अंगणासारखा एकसारखा असतो, संध्याकाळी कडेला ढिगारे आणि मध्ये कडक, चकचकीत चट्टे. सकाळी जमलेलं वळण संध्याकाळी त्याच जागी निसटलं तर हात-पाय गाळू नका. चट्ट्यावर वळायला जाऊ नका, त्याच्या आधी किंवा नंतर वळा.

2022 पासून अमिरातीत आठवड्याची सुट्टी शनिवार-रविवारची आणि शुक्रवारी अर्धा दिवस आहे, त्यामुळे शुक्रवार दुपारपासून गर्दी. सरावाला आठवड्यातली सकाळ धरा. तिकिटाची शेवटची वीस मिनिटं उरली आणि मांड्या थरथरू लागल्या तर "एक शेवटची" म्हणून मोठ्या उतारावर जाऊ नका, छोट्यावर आडवं सरकण्याचा सराव करा.

बाहेर पडताना फोन आणि कॅमेरा पिशवीत बंद करून आणा, अर्धा तास उघडू नका. गार काचेवर दुबईची दमट हवा लागली की आत-बाहेर पाणी धरतं.

आणि इथून गुलमर्गला जाणार असाल तर एवढं लक्षात असू द्या. इथे वारा नाही, ऊन नाही, उतार रोज तोच. तिथला बर्फ ताजा पडला की गुडघाभर मऊ असतो आणि इथल्या कडक बर्फावर शिकलेले पाय त्यात रुततात. गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या केबल कारचा, वरचा टप्पा अफरवाट डोंगराच्या अंगाने जवळपास 4000 मीटरवर सोडतो. तिथून खाली येणं म्हणजे यंत्राने सपाट न केलेल्या, हिमस्खलनाचा धोका असलेल्या डोंगरावरून येणं. तिथे वाटाड्याशिवाय आणि रोजची सूचना विचारल्याशिवाय जायचं नाही. पहिले दोन दिवस खालच्या मैदानातल्या सौम्य उतारांवर काढा आणि बूट घालताना थर्मल बाहेर आहे ना, ते तिथेही बघा.