टॅक्सीची ईव्ही कुठे चार्ज करायची आणि किलोमीटरला किती पडतं

मी संभाजीनगरात टुरिस्ट गाडी चालवतो. वेरूळ, अजिंठा, शिर्डी, पैठण आणि महिन्यातून दोन-तीनदा पुणे. पंधरा वर्षं डिझेलची सेडान चालवली. गेल्या अडीच वर्षांपासून इलेक्ट्रिक सेडान आहे, २६ युनिटांची बॅटरी, हिरव्या पाटीवर पिवळे आकडे. स्टँडवर रोज कुणीतरी विचारतंच, "भाऊ, चार्जिंगला किती लागतात?" याचं उत्तर एका आकड्यात देता येत नाही. याच गाडीचा एक किलोमीटर मला दीड रुपयालाही पडलाय आणि पावणेचार रुपयांनाही. पिन कुठे लावली, त्यावर सगळं आहे.

आधी आपल्या गाडीचा खरा खप काढा. माझ्या गाडीची कागदावरची रेंज ३१५ किलोमीटर आहे. मला वर्षभराची सरासरी १९० मिळते. मे महिन्यात, ४२-४३ डिग्रीत, एसी लावून हायवेला १७० धरून चालतो. बॅटरी २६ युनिटांची असली तरी घरच्या मीटरवर पूर्ण भरायला ३० च्या आसपास युनिट पडतात, कारण चार्ज होताना काही वीज उष्णतेत जाते. म्हणजे किलोमीटरला ०.१६ युनिट. तुमचा आकडा वेगळा येईल. शंभर टक्के भरा, ट्रिप मीटर शून्य करा, दिवसभर भाडी मारा आणि रात्री परत भरताना मीटर बघा. असे चार-पाच दिवस लिहून ठेवलेत की तुमचा आकडा हातात येतो.

आता घरचं मीटर. पहिले पाच महिने मी घरगुती मीटरवरच गाडी लावली आणि बिल बघून धक्का बसला. महिन्याला साडेतीन हजार किलोमीटर म्हणजे ५६० युनिट. घरगुती बिलात स्लॅब असतात: पहिल्या शंभर युनिटांचा दर कमी, पुढे वाढत जातो, आणि तीनशेच्या वर गेलात की पहिल्या स्लॅबच्या दुपटीहून जास्त. गाडीची जवळजवळ सगळी युनिटं वरच्या स्लॅबमध्येच पडतात. वीज शुल्क धरून गाडीचं एक युनिट मला साडेपंधरा रुपयांना पडत होतं, म्हणजे किलोमीटरला अडीच रुपये. मग महावितरणकडे ईव्ही चार्जिंगचं वेगळं कनेक्शन घेतलं. त्याला घरगुतीसारखे स्लॅब नाहीत. स्थिर आकार वगैरे सगळं धरून माझं युनिट साडेनऊच्या आसपास बसतं, किलोमीटरला दीड रुपया. महिन्याला साडेतीन हजार रुपये वाचतात, आणि एवढ्यात माझ्या धाकटीच्या क्लासची फी निघते.

अर्ज करताना वापराचा प्रकार ईव्ही चार्जिंग असाच भरा आणि पहिल्या बिलावर तोच छापून आलाय का ते बघा. भाड्याच्या घरात राहत असाल तर घरमालकाचं ना-हरकत पत्र आधी घ्या. मालक बहुतेक वेळा वायरिंगला घाबरतात, म्हणून इलेक्ट्रिशियनलाच सोबत नेऊन बोलायला लावा.

वायरिंगमध्ये पैसे वाचवू नका, हे मी हात जोडून सांगतो. मीटरपासून थेट वेगळी ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, २० अँपिअरचा एमसीबी (जास्त लोड आला की पडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की शॉक बसण्याआधी लाइन तोडणारा) आणि चांगल्या कंपनीचा औद्योगिक सॉकेट. मिक्सर-फ्रिजच्या बोर्डावर नऊ-दहा तास गाडी लावली तर प्लग वितळतो. माझ्या शेजारच्या गल्लीत तसा वितळलेला प्लग मी पाहिलाय, पितळेच्या पिना काळ्या पडून सॉकेटला चिकटल्या होत्या. नवीन सॉकेटवर पहिल्यांदा लावाल तेव्हा अर्ध्या तासाने प्लगला हाताची मागची बाजू लावून बघा. कोमट असेल तर ठीक. हात ठेवता येत नसेल तर तिथेच बंद करा.

आणि अर्थिंग. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात फाटते, खड्ड्यातली ओल जाते आणि अर्थिंग कमजोर पडतं. गाडीसोबतच्या चार्जरला अर्थिंग नीट मिळालं नाही की तो लाल दिवा दाखवून थांबतो, आणि लोक म्हणतात चार्जर बिघडला. दोन मेकॅनिक बघून गेल्यावर माझ्या वायरमनने न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये मीटर लावला, तेव्हा १४ व्होल्ट दिसले. दोन-तीनच्या वर असायला नको. खड्ड्यात कोळसा-मीठ भरून दोन बादल्या पाणी ओतलं आणि दिवा हिरवा झाला. मार्चपासून पाऊस पडेपर्यंत मी दर रविवारी तिथे एक बादली पाणी ओततो.

घरी मोठा चार्जर बसवायचा विचार असेल तर आधी गाडीतल्या ऑनबोर्ड चार्जरची, म्हणजे घरची वीज बॅटरीत भरणाऱ्या गाडीतल्याच यंत्राची, क्षमता विचारा. तो ३.३ किलोवॉटचा असेल तर भिंतीवर ७.२ चा बसवून काही उपयोग नाही, गाडी तेवढंच ओढणार. रात्री दहाला लावली की सकाळी आठपर्यंत भरते.

फास्ट चार्जरचा हिशेब वेगळा. बोर्डावर २२ रुपये युनिट लिहिलेलं असतं, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे जवळपास २६. तिथे मोजणी गनपाशी, म्हणजे गाडीत लावायच्या चार्जरच्या नळीपाशी होते, त्यामुळे खप थोडा कमी, ०.१४ धरा. तरी किलोमीटर साडेतीन ते पावणेचारला पडतो. माझी जुनी डिझेल गाडी साडेचारला पडायची. म्हणजे रोज फास्ट चार्जरवरच भरणाऱ्याच्या हातात डिझेलच्या तुलनेत रुपयाभरच उरतो, आणि तासभर वेळ जातो तो वेगळा. ज्याच्या घरी पार्किंग नाही, पिन लावायला जागा नाही, त्याने टॅक्सीसाठी ईव्ही घेण्याआधी हा हिशेब वहीत मांडावा.

चार्जर ६० किलोवॉटचा दिसला म्हणून खूश होऊ नका. माझी गाडी पंचवीसच्या वर ओढत नाही. ऐंशी टक्क्यांनंतर वेग उतरतो, तेव्हा ८०-८५ ला गन काढा आणि निघा. पुण्याला जाताना मी घरून पूर्ण भरून निघतो. अहिल्यानगरला पोचेपर्यंत ३३ टक्के उरते, पार्टी (गाडीतलं गिऱ्हाईक) जेवते तेवढ्यात चाळीस मिनिटांत ८५ पर्यंत येते, साडेतीनशे रुपये. पुण्यात २० टक्क्यांवर उतरतो.

अजिंठ्याची ट्रिप मात्र नीट समजून घ्या, कारण आपल्या लायनीत ती सगळ्यात जास्त आहे आणि नवा माणूस तिथेच अडकतो. जायला शंभर, यायला शंभर. जाताना फर्दापूरचा घाट उतरायचा असतो, तेव्हा ब्रेकमधून थोडी वीज परत मिळते. येताना तोच घाट चढायचा. मे महिन्यात खाली पोचेपर्यंत ४१ टक्के उरते, परतीला ६२ लागते. माझ्या पहिल्या उन्हाळ्यात मी वाटेतल्या एका पंपावरच्या फास्ट चार्जरच्या भरवशावर तसाच परत निघालो. ॲपमध्ये तो हिरवा दिसत होता. पोचलो तर मशीन बंद, पंपावरच्या पोराला काही माहीत नाही. गाडीत १८ टक्के, घर ६५ किलोमीटर, मागे लातूरचे वयस्कर गुरुजी आणि त्यांच्या मिसेस, रात्रीची गाडी पकडायची. त्यांना दुसऱ्या टॅक्सीने पाठवलं. माझं भाडं गेलं आणि वर १८०० रुपये मी खिशातून दिले. काकू जाताना म्हणाल्या, "दादा, तुमचं काही चुकलं नाही." चूक माझीच होती. पंपावर फोन करून विचारलं नव्हतं आणि दुसरा पर्याय शोधून ठेवला नव्हता. नंतर एका वेल्डिंगच्या दुकानात अडीच तास पिन लावून घरी आलो.

आता मी तिथे फास्ट चार्जर शोधतच नाही. पार्टी लेण्यांत चार तास असते. आपली गाडी खालीच थांबते, वर लेण्यांपर्यंत बसने जावं लागतं. ते चार तास म्हणजे साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर १२ युनिट. परतीला कमी पडणारे २१ टक्के आणि वर वीस टक्के राखीव, एवढं त्यात भरतं. फर्दापुरात एका हॉटेलवाल्याशी बोलून ठेवलंय, दर वेळी २०० रुपये देतो आणि जेवणही तिथेच घेतो. आदल्या दिवशी फोन करून लाइट आहे ना, हे विचारतो. शिर्डीलाही तसंच. पार्टी दर्शनाच्या रांगेत असते तेव्हा गाडी सॉकेटवर असते. भाडं घेतानाच विचारा: कुठे थांबणार, किती वेळ, तिथे सॉकेट आहे का. एक्स्टेन्शन बोर्ड मात्र वापरू नका, गाडीच सॉकेटजवळ न्या.

समृद्धीवर १२० ने चालवलीत तर रेंज डोळ्यांदेखत उतरते. मी ८० च्या वर जात नाही, आणि पार्टीला निघतानाच तसं सांगतो. राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात तिथे इलेक्ट्रिक गाड्यांना टोलमाफी आहे, तरी टोल कापला जात नाही ना, यासाठी फास्टॅगचे मेसेज तपासत राहा.

एप्रिल-मेमध्ये अवकाळीचं वारं सुटलं की रात्रभर लाइट जाते. म्हणून त्या दिवसांत मी ४० टक्क्यांच्या खाली गाडी घरी आणत नाही, सकाळच्या विमानतळाच्या भाड्याला तेवढं पुरतं. सोमवारी अजिंठा बंद आणि मंगळवारी वेरूळ, त्यामुळे सोमवारी काम कमी असतं. माझ्या गाडीची बॅटरी एलएफपीची (लिथियम बॅटरीचा एक प्रकार) आहे, तिला आठवड्यातून एकदा सावकाश शंभर टक्के भरावं लागतं, नाहीतर टक्क्यांचा आकडा खोटा दाखवायला लागते. ते काम मी सोमवारी सकाळीच घरी उरकून घेतो.