पॅच अँटेना कागदावर २.४५, बोर्डावर २.३४? या चुका टाळा

सांगलीत विश्रामबागेतल्या माझ्या खोलीत शेवटच्या वर्षाची पोरं पॅच अँटेना (बोर्डावर कोरलेला तांब्याचा चौकोनी तुकडा) करून, तांबं कोरायच्या फेरिक क्लोराईडनं पिवळी झालेली बोटं घेऊन येतात. तक्रार ठरलेली: "सर, हिशोब २.४५ गिगाहर्ट्‌झचा केला, डिप २.३४ ला पडतोय." डिप म्हणजे परत फिरणाऱ्या शक्तीच्या आलेखातला खड्डा; अँटेना त्याच वारंवारतेला चालतो.

एवढा फरक दिसला की मी एकच विचारतो, कडेचा फुगवटा वजा केला का? पॅचच्या दोन्ही टोकांना विद्युत क्षेत्र तांब्याबाहेर डोकावतं, त्यामुळे लहरीला पॅच मोजपट्टीपेक्षा लांब वाटतो. १.६ मिमी जाडीच्या एफआर-४ (ग्लास इपॉक्सी) बोर्डावर हा फुगवटा प्रत्येक टोकाला साधारण ०.७४ मिमी. पॅचसाठी अर्धी तरंगलांबी ३०.३ मिमी आली, तर पॅच कापायचा २८.८.

आता गंमत बघा. काही जण डायलेक्ट्रिक स्थिरांक (पदार्थ लहरीला किती हळू करतो त्याचा आकडा) घालताना बोर्ड आणि हवा मिळून होणाऱ्या ४.०८ ऐवजी नुसत्या बोर्डाचा ४.४ घालतात. नुसती ही चूक डिप २.५४ कडे ढकलते. दोन्ही चुका एकदम केल्या की उत्तर २.४२ येतं आणि पोरगं खूश! पुढच्या डिझाइनला तेच सूत्र लावतं आणि तोंडघशी पडतं.

शिवाय सुटा घेतलेला ग्लास इपॉक्सी बोर्ड ४.४ चाच असेल असं नाही. ४.७ निघाला तर डिप सुमारे ७५ मेगाहर्ट्‌झ खाली जातो. आधी एक साधा पॅच कोरा, मोजा, त्यावरून उलटा हिशोब करून खरा आकडा काढा.

पॅचला सिग्नल देणारी ५० ओहमची लाइन सरळ कडेला जोडू नका. कडेला व्होल्टेज जास्त, प्रवाह जवळपास शून्य, म्हणून तिथे २००-३०० ओहम भेटतात, ५० शी जुळत नाहीत. आत सरकावं तसा हा आकडा कोसाइनच्या वर्गानं उतरतो. कडेला २५० असतील तर पॅचमध्ये खाच कापून लाइन सुमारे १० मिमी आत घ्या. खाचेमुळे क्षेत्र थोडं बिघडतंच, तेव्हा अर्धा-एक मिमी सिम्युलेशनमध्ये हलवून बघा.

एस-११ (परत फिरणाऱ्या शक्तीचं डेसिबलमधलं माप) उणे ३० आला म्हणून पेढे वाटू नका. ५० ओहमचा डमी लोडही (शक्ती नुसती उष्णतेत घालवणारा रोधक) तो आकडा दाखवतो. एफआर-४ मध्ये निम्म्याच्या आसपास शक्ती उष्णतेत जाऊ शकते.

आणि मोजायच्या यंत्राचं कॅलिब्रेशन झाल्यावर मध्ये अडॅप्टर (जोडणीचा तुकडा) घालू नका. टेफ्लॉन भरलेला २१ मिमीचा तुकडा इथे पाव तरंगलांबी होतो. एस-११ चा आकडा तोच राहतो, पण स्मिथ चार्टवर (ओहम वाचायच्या गोल आलेखावर) १०० ओहमचे २५ दिसतात, आणि पोरं खाच उलट्या बाजूला सरकवत बसतात.