जुन्या चर्चची डागडुजी: आधी छप्पर, मग भिंत, रंग सगळ्यात शेवटी

आमच्या वसईकडे फीस्ट, म्हणजे चर्चचा वार्षिक सण, जवळ आला की चर्चला रंग काढायची घाई सुटते, पण जुन्या चर्चचा खरा शत्रू पाणी आहे, त्यामुळे सुरुवात छपरापासून करा. मे महिन्यात कौलं चाळून घ्या, वाशांना स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, आत भसकन गेला तर वाळवी किंवा कुज आहे. पन्हळीतला पाला काढा. टॉवरवर पिंपळ उगवला असेल तर ओढून उपटू नका, मुळांबरोबर चुना आणि दगडही निघतात, कापून मूळ मारायचं.

आता भिंती. जुनी भिंत दगड-चुन्याची असेल तर तिला सिमेंटचं प्लास्टर नको म्हणजे नकोच, कॉन्ट्रॅक्टर कितीही म्हणू दे. भिंतीत शिरलेली ओल चुन्यातून हळूहळू बाहेर पडते, सिमेंटखाली ती अडकते, मग क्षार फुलतात, पोपडे येतात आणि आपण वरून परत ऑइलपेंट मारतो! विझवलेला, मुरवलेला चुना एक भाग आणि चाळलेली वाळू साधारण तीन भाग, पातळ थरांत, उन्हापासून झाकून, पाणी मारत राहायचं, कारण चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश घट्ट होतो. हे काम दिवाळीनंतर काढा. आणि 'प्लास्टर काढून मूळ दगड दाखवूया' ही आयडिया कोणी काढली तर त्याला जुन्या गोव्याचं बॉम जेझू दाखवा, १६०५ चं चर्च, १९५० च्या दशकात बाहेरचं प्लास्टर काढलं आणि आता तो मऊ जांभा दर पावसाळ्यात झिजतोय.

इतिहासाचं म्हणाल तर पाटीवरचं साल अख्ख्या इमारतीचं धरू नका. वसई १५३४ ला पोर्तुगीजांकडे गेली, १७३९ ला चिमाजी अप्पांनी घेतली, त्यानंतरही बांधकामं-दुरुस्त्या होत राहिल्या, म्हणजे वेदी एका काळातली आणि दर्शनी भिंत दुसऱ्याच काळातली असू शकते. फादरांची परवानगी काढून बाप्तिस्मा आणि लग्नाची रजिस्टरं बघा, फोटो काढून ठेवा, फाटलेल्या पानांना सेलोटेप नको, लॅमिनेशन तर अजिबात नको. जमिनीतल्या कबरींच्या शिळांवर टाइल्स बसवू नका, अक्षरं साफ करायला ॲसिडही नको, मऊ ब्रश आणि साधं पाणी पुरतं.

वास्तू संरक्षित यादीत असेल तर एकही खिळा ठोकायच्या आधी पुरातत्त्व खात्याला विचारा, आणि कामाआधीचे फोटो तारखेसकट पॅरिश ऑफिसात ठेवा, पुढची कमिटी तेच शोधत येणार आहे.