चेक इंजिन दिवा लागला तर : कोड वाचा, पण लगेच पार्ट घेऊ नका

गेल्या पावसाळ्यात जांबोटीहून कणकुंबीकडे जाताना मामांची पेट्रोल गाडी चढाला गचके देऊ लागली आणि डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला. बेळगावात आल्यावर एका गॅरेजमध्ये स्कॅनर लावला. पी०३०१ असा कोड आला आणि चारही कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारे भाग), चारही स्पार्क प्लग बदलायचा खर्च सांगितला गेला. मामा गाडी तशीच घरी घेऊन आले. आम्ही पहिली कॉइल उपसून पाहिली, तर प्लगच्या खड्ड्यात पाणी! आठवड्यापूर्वी चिखल काढायला इंजिनवर जोराचा फवारा मारला होता, तेच पाणी. खड्डा कोरडा केला, कॉइलचं चिरलेलं रबर बदललं, गचके थांबले.

तक्रार कुठून आली एवढंच कोड सांगतो. ती का आली, ते शोधायचं काम आपलं.

आधी दिवा नीट बघा. स्थिर असेल आणि गाडी बरी चालत असेल, तर सावकाश घरी जाता येतं. लुकलुकत असेल तर सिलिंडरमध्ये पेट्रोल न जळता पुढे जातंय, आणि ते सायलेन्सरच्या नळीतल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळून तो खराब करतं. तो पार्ट फार महाग. अशा वेळी चोर्ला घाट चढायचा हट्ट धरू नका, गाडी बाजूला घ्या. ऑइलचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला तर इंजिन ताबडतोब बंद करा.

स्कॅनरसाठी मोबाईलला जोडणारा छोटा ओबीडी (गाडीतली बिघाडांची नोंद वाचणारा) अडॅप्टर पुरतो. अँड्रॉइडला ब्लूटूथचा चालतो, आयफोनसाठी वायफायचा किंवा आयफोनला चालतो असं लिहिलेला घ्या. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ १६ पिनांचं सॉकेट असतं. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत ते असतंच, आधीच्या बहुतेक बीएस-४ गाड्यांतही सापडतं. अडॅप्टर खोचा, चावी ऑन करा, इंजिन सुरू न करता ॲपमधून कोड वाचा.

आता सगळ्यात महत्त्वाचं: कोड लगेच पुसू नका. त्याच्यासोबत ‘फ्रीझ फ्रेम’ साठवलेली असते, म्हणजे बिघाड झाला त्या क्षणी वेग, आरपीएम, इंजिनाचं तापमान किती होतं याची नोंद. थंड इंजिनवर गचका आला की चढावर, हे तिथेच कळतं. स्क्रीनचा फोटो काढून ठेवा. बॅटरीची वायर काढून दिवा घालवला की बहुतेक वेळा ही नोंदही जाते.

कोडची फोड सोपी आहे. पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स. पुढचं शून्य म्हणजे सर्व कंपन्यांना समान कोड, १ असेल तर बहुधा त्या कंपनीचा स्वतःचा. त्यानंतरचा ३ इग्निशन (ठिणगी) आणि मिसफायर (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न जळणं) दाखवतो. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर, पी०३०२ म्हणजे दुसऱ्यात.

मिसफायर शोधायची माझी आवडती रीत अदलाबदलीची. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असलेल्या पेट्रोल गाडीलाच ती लागू पडते. डिझेलला कॉइल नसतात. इंजिन गार होऊ द्या, चावी काढा. कॉइलची क्लिप हळू दाबून सोडवा, ओढू नका, जुनं प्लास्टिक पटकन तुटतं. बोल्ट बहुधा दहा नंबरच्या पान्याचा असतो. खड्ड्यात डोकावा: पाणी असेल तर पुसा, ऑइल असेल तर टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचं, गॅस्केट गळतंय. वायर उंदराने कुरतडली आहे का, तेही बघा. पावसाळ्यात आमच्याकडे उंदीर ऊब शोधत बॉनेटखाली येतात. काहीच दिसलं नाही तर पहिली कॉइल दुसऱ्या सिलिंडरवर आणि दुसरी पहिल्यावर लावा, कोड पुसा, गाडी फिरवा. पी०३०२ आला तर कॉइलच खराब, एकच घ्या. पुन्हा पी०३०१ आला तर तसंच प्लगचं करून बघा. तरीही तक्रार पहिल्याच सिलिंडरची राहिली, तर इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग) आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासायला मेस्त्रींकडे जा आणि काय काय करून पाहिलं ते सांगा. त्यांचा वेळ वाचतो, तुमचे पैसे.

सेन्सरच्या कोडात तर अजून फसायला होतं. पी०११३ आला की लोक हवेच्या तापमानाचा सेन्सर आणतात. आधी ॲपमध्ये चालू आकडा बघा. बेळगावची थंडी कितीही बोचरी असली तरी उणे ४० नसते. तो आकडा दिसला तर सर्किट तुटलंय. एअर फिल्टर बदलताना कनेक्टर लावायचा राहिला, असंही होतं.

दुरुस्तीनंतर कोड पुसा आणि दोन-तीन दिवस, गार इंजिनपासून सुरुवात करून, नेहमीच्या रस्त्यांवर गाडी चालवा. काही कोड सलग दोन फेऱ्यांत तोच बिघाड दिसल्यावरच दिवा लावतात, म्हणून दिवा नसला तरी ॲपमध्ये ‘पेंडिंग’ची, म्हणजे दिसलेल्या पण अजून पक्क्या न झालेल्या कोडांची, यादी एकदा उघडून बघा.